टोपीतली रेघ

आनंदरावांच्या फियाटमध्ये बिघाड असा काहीच नव्हता. बिघाड अंकुशनं केला होता, आणि तोही बापानंच शिकवलेला.

आनंदराव आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचे सर होते. परीक्षेच्या दिवशी ते पोरांची मुद्दाम फिरकी घ्यायचे. इंजिनात प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी काढायची, आतून पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढायची आणि टोपी परत बसवून द्यायची. पेन्सिलीच्या शिशातून वीज पळते. ठिणगी प्लगकडे जायची सोडून त्या रेघेवरून भलतीकडेच जाते आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. पोरं प्लग काढत, कॉइल बदलत, घामाघूम होत, पण टोपीत डोकावायचं कुणाला सुचत नसे. छोट्या अंकुशला हा किस्सा सांगताना आनंदराव असे हसायचे की डोळ्यांत पाणी यायचं.

आता त्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की आनंदराव विषय बदलत. नातीला, चिन्मयीला, शिकवणीहून आणताना बेसा रोडवर त्यांना नालीच्या खोदकामाचं बॅरिकेड दिसलं नाही. फियाट ते उडवून गेली आणि पुढचं चाक खड्ड्यावर लटकलं. चिन्मयीच्या कपाळाला टेंगूळ आलं. आनंदराव दिवसभर नगरपालिकेला शिव्या घालत राहिले. अंकुशची बायको प्रीती मात्र एकच वाक्य बोलली, "बाबांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

अंकुश बँकेत कर्जविभागात होता. भल्याभल्यांना तोंडावर 'नाही' म्हणायचा त्याचा पगार होता. पण बापासमोर उभं राहून 'बाबा, गाडी चालवू नका' एवढं त्याच्याच्यानं म्हणवेना. तो तीनदा अंगणात गेला आणि तीनदा क्रिकेटवर बोलून परत आला. शेवटी त्यानं चिन्मयीच्या कंपासमधली पेन्सिल उचलली.

गाडी बंद पडली तसा घरातला घोर मिटला. अंकुशला वाटलं, म्हातारा आठवडाभर खटपट करेल, मग कंटाळेल. पण ज्यानं उभा जन्म इंजिनात घातला, तो कंटाळतो कशाला? आनंदरावांनी टोपी काढली, पण काळ्यावरची बारीक रेघ त्यांच्या डोळ्यांना दिसली नाही. त्यांनी खालचे पॉइंट घासले, त्यांच्यातली फट बसवली, तरी गाडी सुरू होईना, तेव्हा उलट खूशच झाले. "पॉइंटचा जमानाच गेला गा," असं म्हणत त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याकडून इलेक्ट्रॉनिक किट मागवली. जुने पॉइंट आणि कंडेन्सर काढून टाकायचे, त्यांच्या जागी छोटासा सेन्सर बसवायचा, आणि त्याच्या दोन तारा, एक लाल आणि एक काळी, कॉइलला जोडायच्या. मग घासणं नको की फट मोजणं नको.

रविवारी सकाळी बापलेक शेडमध्ये बसले. आनंदरावांनी जुनी टोपी हातात घेतली, पेट्रोलच्या फडक्यानं आतून बाहेरून लख्ख पुसली आणि वाळायला ठेवली.  रेघ गेली होती. म्हणजे आता गाडी सुरू होणार होती.

तेवढ्यात आतून आईनं, भीमाबाईंनी, चहासाठी हाक मारली. आनंदराव हात धुवायला गेले. पेन्सिल अजून अंकुशच्या खिशातच होती. चोराच्या मनात चांदणं, ती परत ठेवायचीही त्याला भीती वाटली होती. पहिल्यांदा रेघ ओढली तेव्हा चिन्मयीचं टेंगूळ त्याच्या डोळ्यांपुढे होतं. या वेळी तसलं काही नव्हतं. फक्त बापाला तोंडावर सांगावं लागायची भीती होती, आणि ते त्याला रेघ ओढतानाच कळत होतं.

चहा पिऊन आनंदराव परत आले. सेन्सर बसला.

"अंकुश, लाल कोन्ती गा? मले तं दोन्ही सारख्याच दिसून राहिल्या."

"ही, बाबा."

"पक्कं ना? उलटी लागली तं पहिल्याच किल्लीले जळन किट."

"पक्कं."

"मंग झालं. तू म्हनशीन ते लाल."

त्यांनी तारा जोडल्या, टोपी बसवली, किल्ली फिरवली. इंजिन घुं-घुं करून गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. टोपी त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली होती, तेव्हा तिच्यावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. त्यांनी टायमिंग तपासलं, प्लग काढून पाहिले. दुपारचं जेवण ताटात निवलं. उन्हं कलल्यावर ते स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "अंकुश, एक-तीन-चार-दोनच असते ना गा? का एक-चार-तीन-दोन?"

चार सिलिंडरांत ठिणगी कोणत्या क्रमानं पडते, तो हा क्रम. अंकुशला पाढ्यांच्या आधी हा पाठ झाला होता, याच माणसाच्या मांडीवर बसून.

"एक-तीन-चार-दोनच, बाबा."

"तसंच तं लावलं होतं."  आनंदरावांनी उगाचच कॉइलवरच्या तारा सोडवल्या, किल्ली काढली आणि अंकुशच्या हातावर ठेवली. "हे घे. ज्याले फायरिंग ऑर्डर पुसा लागते, त्यानं गाडी चालवू नये."

सुंठीवाचून खोकला गेला, असं कुणी म्हणेल. प्रीतीनं तसं म्हटलंही. अंकुशला मात्र ती किल्ली हातात धरवेना. त्यानं ती फ्रिजवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशीही फ्रिजकडे जाणं टाळलं.

त्यानंतर आनंदराव गॅसचं बटण दोन-दोनदा पाहू लागले. भीमाबाईंना विचारू लागले, "गोळी घेतली का वं म्या?" घरातला मिक्सर बिघडला, तर बोटही न लावता म्हणाले, "दुकानात टाका." शेजारचे दादाजी बुद्धिबळाला बोलवायला आले, तर झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. आणि एके दिवशी, जेवता जेवता, अंकुशला म्हणाले, "तुह्या पाहन्यात एखादा डॉक्टर हाय का?"

"डोळ्यांचा ना? कधी जायचं, बोला."

"डोयाचा नाई गा. डोक्याचा."

 बापाचे डोळे अधू झाले होते आणि अंकुशनं त्याचं डोकं अधू ठरवलं होतं. भरल्या ताटावरून तो उठला. "बाबा, चला जरा माझ्यासोबत," म्हणाला आणि त्यांना शेडमध्ये घेऊन गेला. टोपी काढली, उलटी करून त्यांच्या हातात दिली.

"बाबा, पेन्सिल."

आनंदरावांनी आतून बोट फिरवलं. बोट उन्हात धरलं. टोकाला राखाडी लागलं होतं.

"म्या तं पुसली होती."

"तुम्ही चहाले गेलते तेव्हा मी पुन्हा ओढली. पहिलीबी मीच."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या खेपेला ते हसले नाहीत.

"पोरीले लागलं म्हनून केलं ना?"

अंकुशनं मान हलवली.

"मंग तसं तोंडानं सांगाचं होतं. म्या भांडलो असतो. चार दिवस बोललो नसतो. पन किल्ली देली असती गा." ते थांबले. "मी पोट्ट्याइले रेघ दाखवल्याबिगर घरी नोहतो सोडत. एखादा पोट्टा मी ढ हाय असं समजून झोपला नाई पाह्यजे, म्हनून. तू मले किती दिवस झोपू देलं?"

 'चुकलं' हा शब्द अंकुशच्या तोंडापर्यंत आला, पण त्याला तो फार लहान वाटला.

आनंदरावांनी फडकं घेतलं, रेघ पुसली, पुन्हा पुसली. "ऑपरेशनची तारीख घे. तवपर्यंत गाडी तूच चालव," म्हणाले. आवाज शांत होता, वर्गात असायचा तसा. मग त्यांनी टोपी बसवली आणि कॉइलवरच्या सुटलेल्या तारा हातात घेतल्या. दोन्ही डोळ्यांजवळ नेल्या, उजेडाकडे धरल्या.

अंकुश पुढे वाकला. एका तारेवर बोट ठेवून म्हणाला, "ही लाल, बाबा."

आनंदरावांनी ती तार जोडली नाही. तारा तशाच धरून त्यांनी घराकडे हाक मारली, "भीमा, जरासक बाहेर ये वं."

भीमाबाई पिठाच्या हातांनी आल्या. आयुष्यात त्यांनी त्या गाडीचं बॉनेट उघडं असताना जवळ पाय ठेवला नव्हता.

"यातली लाल कोन्ती?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. त्यांना काही कळलं नाही, पण अंकुशनं दाखवली होती त्याच तारेवर त्यांनी पिठाचं बोट टेकवलं.

"हे."

"बरं," आनंदराव म्हणाले, आणि त्यांनी ती तार जोडली.