रुजू होण्याचा शेवटचा दिवस

मनिषाने पेनचं टोपण काढलं, अर्जावर टोक टेकवलं आणि तिथे शाईचा ठिपका उमटल्यावर पेन उचलून घेतलं.

"काही अडलंय का बाई?" टेबलापलीकडून भास्करराव म्हणाले. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या भरतीचे कागद तेच पाहत. "पाचपर्यंत रुजू झाला नाहीत, तर यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागेल मला. नर्सची कायम नोकरी, तीही नाटे गावात, तुमच्या घराजवळ. लोक अशा जागेसाठी उंबरे झिजवतात हो."

"सासूबाईंना विचारून येते," म्हणून ती उठली.

विचारायचं काहीच नव्हतं. तिला फक्त त्या टेबलापासून दूर जायचं होतं.

पर्समध्ये नेमणुकीच्या आदेशाखाली पासपोर्ट होता. कुवेतमधल्या एका खासगी इस्पितळासाठी नर्सेस नेणारा एजंट एस.टी. स्टँडजवळच्या लॉजवर उतरला होता आणि संध्याकाळी मुंबईला परतणार होता. तीन वर्षांचा करार, पगार इथल्या सहापट. पुढचं काही करारात नव्हतं. गावात ती सांगायची, पैसे आले की रूपेशला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं. दोन वर्षांपूर्वी होडी वर ओढताना दोर तुटला, होडी मागे आली आणि तिचा नवरा कमरेपासून खाली निकामी झाला. त्याचे रिपोर्ट घरात एकट्या तिलाच कळत. तो उठणार नव्हता. मुंबईला नेऊनही नाही.

सकाळी त्याला पुसायचं, कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, दुपारी पुन्हा वळवायचं. कुवेतलाही हेच काम असणार होतं. पण तिथली माणसं तिची कुणी नसणार होती आणि ड्युटी संपली की मागे दार लावून घेता येणार होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

व्हरांड्यातल्या बाकावर ठमाबाई बसली होती. सून सही केल्याशिवाय परतू नये, म्हणूनच ती आज मासळीची पाटी घरी ठेवून बरोबर आली, याबद्दल मनिषाला शंका नव्हती.

"झाली सही?"

"नाही." मनिषा तिच्याशेजारी बसली. "आई, मी तीन वर्षं गेले ना, तर हे चालायला लागतील."

"नाय लागायचा," ठमाबाई म्हणाली. "मला लिवतावाचता येत नाय. पन मेलेला पाय कळतो."

मनिषाने मान खाली घातली.

"मला त्यानं धाडलंय गो. बोलला, आये, तिच्यासंगती जा. ती सही करायला लागली तर हात धर. तिला जाऊ दे तिकडं. आनि परत ये म्हनून सांगू नको."

सकाळी निघताना रूपेशने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. रागावला असेल, असं वाटून तिला बरंच वाटलं होतं. आता तिने बाकाची कड घट्ट धरली.

"आणि तुम्ही? तुमचं काय म्हणणं?"

ठमाबाईने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. बोटांची पेरं सुजून जाड झाली होती.

"परवा तू गावात गेलीस तवा त्याला वळवत होते. हातातनं सुटला. डोकं भिंतीला लागलं. तुला सांगू नको बोलला." तिने हात पदराखाली घेतले. "मी त्याचा निरोप दिला. माझा दिलेला नाय."

मनिषा उठली ती जिना उतरून थेट फाटकापर्यंत गेली. एक रिक्षा पुढ्यात येऊन थांबली.

"कुठे सोडू, ताई?"

लॉजचं नाव तिला पाठ होतं. पण ते तिने घेतलं नाही. रिक्षावाल्याने जरा वाट पाहिली, खांदे उडवले आणि तो निघून गेला. मनिषा तशीच उभी राहिली. मग पदराने चेहरा खसाखसा पुसून मागे फिरली.

भास्कररावांनी अर्ज पुढे सरकवला. या वेळी तिने एका दमात सही केली. त्यांनी शिक्का मारला आणि फाईलमधल्या जन्मतारखेवर बोट ठेवलं.

"सत्तावीस वर्षं. म्हणजे निवृत्तीपर्यंत पुढची एकतीस वर्षं आता तुम्हाला घोर नाही. अभिनंदन."

"एकतीस," मनिषा म्हणाली.

ठमाबाई बाकावरून उठून दाराशी आली होती. सुनेच्या हातात शिक्का मारलेली प्रत दिसताच तिने डोळे मिटून घेतले. आनंद झाला असेल तर तो तिच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

"त्याला काय सांगू गो?"

मनिषाने पर्स बंद केली.

"सांगा, आपण लॉजवर पोचलो तेव्हा एजंट निघून गेला होता."