उंदरांच्या डोक्यातला ‘थांब’

गळ्याची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी चहात पडो.

चिमी उंदरांची डॉक्टर. म्हणजे उंदीर बरे करणारी नव्हे, उंदीर वाढतात कसे ते शोधणारी. स्वतः अंगानं एवढीशी, म्हणून घरात चिमी, आणि प्रयोगशाळेतही तेच नाव चिकटलं. थोरला भाऊ, दादा, चिडवायचा की उंदरांचं राहू दे, आधी तुझी वाढ कुठे अडली ते शोध. पण तिला लहानपणापासून तेच कोडं पडलेलं. वाढ, असं अंगाला सांगतं कोण?

तर सांगतो मेंदू. त्याच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी लोंबते, तिच्यात वाढीचं हार्मोन भरलेलं. मेंदू तिच्याकडे दोन निरोपे धाडतो. पेप्टाइड म्हणतात त्यांना, प्रथिनाचे बारके तुकडे. एक म्हणतो ‘सोड’, दुसरा म्हणतो ‘थांब’. चिमीनं ‘सोड’वाल्याची नक्कल बनवली होती. ती उंदराला टोचायची आणि रक्तात हार्मोन चढतं का बघायचं.

आधी छान चढलं. मग आकडे जे आडवे झाले ते उठेचनात. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी बजावलं, सोमवारीही असंच आलं तर पेप्टाइड कुचकामी समजायचं आणि काम बंद. चिमीनं सगळं पुन्हा तपासलं. औषध ताजं, सुई तशीच, उंदीरही तेच. मग बदललं काय?

एक गोष्ट तिला खुपत होती. मॅडम उंदीरघरात शिरल्या की उंदीर नाकं हलवत पुढे यायचे. ती शिरली की सगळे कोपऱ्यात, दगडासारखे. दाणे घालते मी आणि घाबरता मलाच, असं ती त्यांना रुसून म्हणायचीसुद्धा.

रविवारी दुपारी तिनं खुर्चीवरचा स्वेटर ओढला, तर तो हलेना. दादाचा बोका, खाऊन खाऊन उशी झालेला, त्यावर पसरला होता.

“हा रोज इथेच झोपतो?” तिनं दादाला विचारलं.

“तू तो स्वेटर न्यायला लागलीस तेव्हापासून. तुझ्यापेक्षा त्यानंच जास्त वापरलाय.”

चिमीनं बोक्याखालचा स्वेटर उपसला आणि हुंगला. उंदीरघराचा एसी आधी नुसता कुंथायचा. तो दुरुस्त झाला, गारठा पडला, म्हणून ती गाऊनच्या आत घरचा स्वेटर घालायला लागली. आणि आकडे झोपले ते तेव्हापासूनच. रोज सकाळी ती उंदरांमध्ये अंगभर मांजराचा वास घेऊन शिरत होती. जीव मुठीत धरलेल्या उंदराचा मेंदू वाढीची चैन कशाला करेल? तो ‘थांब, थांब’ म्हणून ओरडत सुटतो. तिथे टोचलेल्या ‘सोड’चं ऐकतो कोण?

सोमवारी ती साबणानं घासून घासून आंघोळ करून गेली आणि मॅडमचाच स्वेटर मागून घेतला. बाह्या दुमडता दुमडता पुरेवाट झाली. उंदीर पुढे आले, तिची बोटं हुंगली. टोचलं, रक्त घेतलं, यंत्रात घातलं.

आकडे सरसर चढले.

मॅडमनी कागद उलटसुलट पाहिला, स्वेटरची सगळी हकिकत ऐकली. “म्हणजे इतके दिवस आपण बोकाच तपासत होतो. चुकलं माझं, चिमे. काम चालू ठेव.”

बोक्याचं, उंदरांचं, आकड्यांचं सगळं खरं आहे हं. फक्त ते ‘चुकलं माझं’ तेवढं माझ्या पदरचं. मॅडम मेल्या तरी तसं म्हणायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, “काम चालू ठेव. आणि माझा स्वेटर धुऊन आण, पण वाळत घालशील तो बोक्यापासून लांब.”