दहापट उंचीचा चंद्र

संस्थेत तिला कोणी बडबडी म्हणत नसे. तिथे ती चंद्राच्या खड्ड्यांवर काम करणारी मोठी शास्त्रज्ञ, दारावर पाटीबिटी असलेली. बडबडी हे नाव मावशीनं ठेवलेलं, आणि ते तिनं चांगलं मेहनतीनं कमावलं होतं बरं का!

मावशी जन्मापासून आंधळी. बडबडीची आई कामावरून यायला उशीर करायची, तोवर पोर मावशीच्या मांडीवर. संध्याकाळी दोघी खिडकीशी बसत आणि मावशी विचारी, "आलाय का गं चंद्र? कसाय आज?"

"गोल आहे."

"गोल तर ताटही असतं. नीट बघून सांग."

मग पोरीला नीट बघावंच लागे. इथे उजेड, इथे डाग, त्या डागात ससा. शब्द कमी पडले की ती मावशीच्या गालावर बोटानं काढून दाखवी. मावशी गाल पुढे करून बसे, पोर तोंड आणि बोट दोन्ही चालवत राही. पुढे शाळाशाळांत व्याख्यानं द्यायला लागल्यावर मुलं हमखास विचारत, की तुम्ही या क्षेत्रात कशा आलात? ती सरळ सांगे, "मावशीनं रोज विचारलं म्हणून." मुलांना वाटायचं, बाई थट्टा करतायत.

मावशी अंध मुलांच्या शाळेत ब्रेल शिकवायची. किती पोरांची बोटं हातात धरून तिनं त्या ठिपक्यांवरून फिरवली असतील, देव जाणे. आणि आता साखरेच्या दुखण्यानं तिच्याच बोटांची टोकं बधिर व्हायला लागली होती. वर्गात ती पाठ असलेले धडे धडाधड म्हणून दाखवायची आणि नवीन पान आलं की म्हणायची, "चला, कोण वाचतंय बघू!" कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. फक्त बडबडीला माहीत होतं.

"बोटं गेली की मी दुसऱ्यांदा आंधळी होणार बघ," मावशी एकदा हसत म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली संवेदना परत येत नाही. म्हणजे जन्मभर जिला चंद्र तोंडी सांगितला, तिच्या हातात तो एकदा ठेवायचा असेल तर आत्ताच, नाहीतर राहिलंच.

तिच्या संस्थेत शाळांसाठी चंद्राचे गोळे बनत. यानानं मोजलेल्या उंच्या यंत्राला द्यायच्या, यंत्र थर चढवत जाई आणि फुटबॉलहून जरा मोठा प्लास्टिकचा चंद्र तयार. आता या लोकांची एक खोड आहे. उंची ते कधीच आहे तशी दाखवत नाहीत. चंद्र एवढा मोठा आणि त्याचे डोंगर त्यापुढे इतके किरकोळ, की खऱ्या मापात काढले तर डोळ्यांना काही दिसतच नाही. म्हणून उंची पाचपट करायची आणि तळाशी बारीक अक्षरात तसं लिहून टाकायचं. सवयच ती, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मावशीच्या बोटांचा विचार करून बडबडीनं पाचपटीऐवजी दहापट केली. कार्यशाळेतला यंत्रवाला म्हणाला, "बाई, जरा जास्तच होतंय." पण ऐकेल ती बडबडी कसली!

ती गोळा घेऊन मावशीच्या वर्गात गेली. मुलं टेबलाभोवती जमली, पाच-पन्नास बोटं चंद्रावर तुटून पडली, आणि खुसखुस सुरू झाली.

"बाई, चंद्रावर अनवाणी गेलं तर रक्त येत असेल ना?" एका मुलीनं विचारलं. वेणीची टोकं चघळणारी, भलतीच चुरचुरीत पोर.

"छे गं!" बडबडी म्हणाली. "तिथले डोंगर बोथट, उतार चांगले सपाटसर आहेत."

"मग हा का टोचतो?"

"उंची दहापट वाढवलीय ना. तसं खाली लिहिलंय बघ."

वर्गात असा हशा पिकला की विचारू नका. बडबडीनं जीभ चावली. अंध मुलांसाठी गोळा केला, आणि सूचना काळ्या शाईत!

"पण वाढवलीच कशाला?" मुलगी सोडेना.

"नाहीतर दिसत नाही."

"अहो, पण आम्हाला कुठे बघायचंय?"

एवढी वर्षं बडबडीनं हा प्रश्न कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. ऐकणार तरी कुठून, विचारणारे सगळे डोळ्यांनीच बघणारे!

तेवढ्यात मावशी पुढे आली. तिनं दोन्ही तळवे गोळ्यावरून फिरवले. दहापट उंची तिच्या हातांना चांगलीच कळत होती, आणि तरी तिचा चेहरा पडत चालला होता.

"हा चंद्र आहे की किसणी?" ती म्हणाली. पोरं हसली. मग तिनं आवाज खाली आणला. "तू सांगितलेला असा नव्हता गं. मी एवढी वर्षं भलताच मनात धरून बसले होते की काय?"

झालं! जिचे उपकार फेडायला आली, तिचाच चंद्र बाईंनी मोडून ठेवला. परतताना बसमध्ये मांडीवर तो काटेरी गोळा, आणि डोळ्यांचं पाणी खळेना. पण रडतानाही डोकं स्वस्थ बसेल तर ना! ती मनातल्या मनात हिशेब करायला लागली. खऱ्या मापात एवढ्या गोळ्यावर मोठासा डोंगर किती उंच येईल? हिशेब सुटला आणि ती खुदकन हसली. शेजारच्या बाईनं दचकून पिशवी जवळ ओढली. डोंगर येत होता जेमतेम ब्रेलच्या ठिपक्याएवढा! डोळ्यांना जो दिसत नाही म्हणून फुगवायचा, तो त्या पोरांच्या बोटांना जसाच्या तसा वाचता येणार होता.

पण मावशीच्या बोटांना? तिथे तिचं हसू विरलं. ठिपकेच तर तिला वाचता येत नव्हते.

तरीही तिनं खऱ्या मापाचा गोळा करायला सांगितला. "खोटा चंद्र कळण्यापेक्षा खरा न कळलेला परवडला," ती यंत्रवाल्याला म्हणाली. त्यानं थर नेहमीपेक्षा बारीक ठेवले, गोळा स्वतः पुसूनबिसून दिला, आणि या वेळी सूचना ब्रेलमध्ये उठवली.

वर्गात या खेपेला हशा नव्हता. चुरचुरीत मुलीची बोटं गोळ्यावरून वाचल्यासारखी सरकत होती. "इथे गुळगुळीत आहे... इथे बारीक खरखर... अगंबाई, हा केवढा वाटोळा खड्डा!" बाकीची पोरं, मला दे, मला दे करत होती. सगळ्यांची पाळी होईस्तोवर मावशी खुर्चीत हात बांधून बसली होती. मग गोळा तिच्या मांडीवर आला.

तिनं बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. मग हळूच म्हणाली, "मला काहीच लागत नाहीये गं. अंड्यासारखा वाटतोय."

बडबडीला काय बोलावं सुचेना. आणि सुचेना म्हणूनच, लहानपणी शब्द संपले की जायचा तसा, तिचा हात आपोआप मावशीच्या गालाकडे गेला.

तिथेच तो थांबला. तिनं गोळा उचलला आणि अलगद मावशीच्या गालाला टेकवला.

मावशी आपल्याच हातांनी गोळा गालावरून सावकाश फिरवू लागली. बारीक खरखर, पुढे लांबरुंद गुळगुळीत मैदान, पुन्हा खरखर.

"थांब," ती म्हणाली. "हे मऊ लागतंय तेच का तुझे डाग?"

"हो मावशी. डाग म्हणजे सपाट मैदानं."

"म्हणजे ससा इथेच कुठेतरी." तिचे डोळे भरून आले आणि चेहरा असा फुलला की बघत राहावं. "तोच आहे गं हा! अगदी तू सांगितलेला. लबाडे, एवढीशी होतीस, पण एक शब्द खोटा बोलली नव्हतीस."

"तू विचारत राहिलीस म्हणून बघितलं मी," बडबडी म्हणाली. आता तिनं रडू आवरलंच नाही. "नाहीतर गोल आहे म्हणून उठून गेले असते. माझं सगळं काम तुझ्या त्या विचारण्यावर उभं आहे, मावशी."

"बरं बरं, पोरांसमोर रडू नकोस," म्हणत मावशीनं स्वतःचंच नाक पुसलं. मग गोळा वळवून उलट बाजूनं गालाला लावला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "अगं, इथे तर सगळी खरखरच. मैदानं गेली कुठे?"

"ती मागची बाजू. पृथ्वीवरून दिसतच नाही. खिडकीतून मला तरी कुठून दिसणार?"

"म्हणजे हे तू मला कधी सांगितलंच नाहीस!" मावशी खुर्चीत सरसावून बसली. तिनं गोळा मांडीवर ठेवला आणि दुसरा गाल पुढे केला. "मग बसलीस काय? हं, बडबड."

बडबडीनं पदरानं डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि बोट पुढे केलं.