शेवटची पट्टी

कात्री फरशीवर खणकन पडली, तसा बाजेवर डोळे मिटून बसलेला इसहाक दचकला.

"जागा हाय मी," तो म्हणाला.

रूथ हसली नाही. तिनं कात्री उचलली आणि गोधडीची उरलेली कड मांडीवर ओढून घेतली.

तिचा नवरा शलमोन दोन पावसाळ्यांमागं कामाला म्हणून मनमाडकडं गेला आणि तिकडचाच झाला, असं दौंडातले लोक म्हणत. रूथ काहीच म्हणत नसे. शिरूरला मिशनच्या शाळेत बाईंची जागा रिकामी होती. तिचा थोरला भाऊ इसहाक तिला न्यायला आला होता. आधीही आला होता. दर वेळी ती म्हणे, "एवढी गोधडी होऊ दे, दादा."

"नाताळातबी हीच गोधडी होती," तो म्हणाला. "राजवाड्यात अंथरायचीय का?"

खाली रूथची लेक एलिझाबेथ चिंध्यांच्या पट्ट्या मांडत बसली होती. आखूड पट्टी एका वितीची, लांब दोन वितींची. कड पाच विती उघडी राहिली होती, आणि ती किती तऱ्हांनी झाकता येईल ते पोर पाटीवर रेघा ओढून बघत होती. तीन वितींच्या तीन तऱ्हा झाल्या, चारांच्या पाच.

"पाच वितींच्या सात, आई."

"आठ."

"तू तर बघितलंबी न्हाईस!"

"सगळं कशाला बघायचं? नुसती शेवटची पट्टी बघ. ती आखूड असली तर मागं चार विती राहतात, त्यांच्या पाच तऱ्हा तुझ्यापाशी हायतच. लांब असली तर मागं तीन विती, त्यांच्या तीन. पाच न् तीन?"

"आठ! मग सहाच्या... आठ न् पाच, तेरा!"

"बघा, मास्तरीणबाई," इसहाक म्हणाला, "हितं तुमच्या वर्गात एकच पोर. तिकडं सारा वर्ग ताटकळलाय." मग त्याचा आवाज उतरला. "दुपारची एसटी हाय, रूथ. उद्या ते दुसऱ्या बाईला घेतील. येतीस का न्हाईस, एवढं बोल."

ती टाके घालत राहिली. तीन विती झाकल्या आणि पट्ट्या संपल्या.

"लांब पायजे एक," एलिझाबेथ म्हणाली. "न्हाईतर दोन आखूड."

चिंध्यांचं गाठोडं रिकामं होतं. खुंटीवर शलमोनचा निळा सदरा होता. कुणी घालत नसे, तरी रूथ तो दर शनिवारी धुई, उन्हात वाळवी आणि नीट घडी घालून परत टांगी.

ती उठली. सदरा काढून तिनं कॉलरपाशी घट्ट धरला. मग पाठीवरून कात्री चालवली, सरळ, दोन विती.

इसहाकनं मान खाली घातली. बाजेखालची पत्र्याची पेटी ओढून तो तिच्यावरची धूळ पुसू लागला.

रूथ शेवटचे टाके घालत होती. फरशीवरचा उरलेला सदरा दोन्ही बाह्यांनी उचलून एलिझाबेथ तिच्यापुढं उभी राहिली.

"आई, मग बाबा आल्यावर काय घालतील?"