चांदरीचं मशीन

लालासाहेब हवालदाराला एखादं काम जमणार नाही असं कुणी म्हणायचा अवकाश, की ते करून दाखवल्याशिवाय त्याच्या घशाखाली भाकरी उतरायची नाही. उभी जवानी फौजेच्या वर्कशॉपात गाड्यांची पोटं फाडण्यात गेलेली. बांगलादेशची लढाई संपली आणि गडी पेन्शन घेऊन इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी आला. तिथं ऊस होता, म्हशी होत्या, पण हाताला लागलेली पान्हा-पक्कडीची खाज कुठं जाते?

अंबाल्याच्या मेसमध्ये एक विलायती मशीन होतं. पिनबॉल म्हणायचे त्याला. काचेखाली उतरता पाट, पाटावर खुंट्या, घंट्या आणि दिवे. दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी वर उसळायची आणि ठेचकाळत खाली यायची. खाली दोन छोटी दांडकी, बाहेरून हलवायची. त्यांनी गोळीला परत वर टोलवायचं. नेम चुकला की गोळी दोन्ही दांडक्यांच्या मधनं भोकात गडप, डाव खलास. ते मशीन बिघडलं की साहेबलोक लालासाहेबालाच बोलवायचे, त्यामुळं त्याची नाडी न् नाडी याला ठाऊक.

"यंदाच्या जत्रंला आपलं मशीन लावतो," त्यानं पारावर सांगून टाकलं. लोक हसले. झालं, आता मागं फिरायची सोयच राहिली नाही.

विलायती मशीनवर घोडे आणि टोपीवाल्या बायका रंगवल्या होत्या. ते सोंग याला नको होतं. याच्या मशीनवर गोष्ट असणार होती, आणि याच्या लेखी गोष्ट म्हणजे एकच, मनुआत्तीची चांदरी.

मनुबाई त्याच्या बापाची थोरली बहीण. सासर आटपाडीकडचं. नवऱ्यानं दुसरी आणून बसवली तेव्हा ही माहेरी आली ती कायमची, एवढंच त्याला ठाऊक. लालासाहेबाची आई तो लहान असतानाच गेली, आणि त्याला वाढवला तो ह्याच आत्तीनं. रोज निजताना तीच गोष्ट. कपाळावर पांढरा चांद असलेली म्हैस आटपाडीच्या बाजारात विकली जाते, दावं तोडते, आणि बाभळीचं बन, येरळेची वाळू, उसाचे फड, कृष्णेचं पाणी असं सगळं तुडवत आपल्या गोठ्यात परत येते. चांदरी म्हणजे आत्ती स्वतःच, हे सगळ्या गावाला कळत होतं. तसं तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, एवढंच.

मशीन गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली तयार होत होतं. झाल्याशिवाय कुणी बघायचं नाही, असा हवालदारी हुकूम. माधवनगरच्या कापडाच्या गिरणीत फिटर असलेला त्याचा दोस्त मौला सुट्टीच्या दिवशी यायचा, मागाच्या मोडक्या स्प्रिंगा घेऊन. पाट सागवानी, गोळी ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली, खुंट्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर. दांडकी हलवायला सायकलचेच ब्रेक, एक डावीकडं, एक उजवीकडं. दिव्यांना ट्रॅक्टरची बॅटरी. वरच्या कोपऱ्यात लालासाहेबानं निळं घर रंगवलं. घर म्हणजे इनाम, आणि इनाम अवघडच पाहिजे, हा त्याचा हिशेब. तळातल्या भोकाला काळा रंग दिला. तो खड्डा.

जत्रा दोन दिवसांवर आली तेव्हा त्यानं आत्तीला हाताला धरून पडवीत आणलं आणि ताडपत्री ओढली.

"ही तुजी चांदरी," गोळी दाखवत तो म्हणाला. छाती अशी फुगलेली, की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी होती.

गोळी सुटली. बाभळीत टिंग, येरळेत टिंग, फडात दिवा लागला. खाली आली की लालासाहेब ब्रेक दाबायचा आणि गोळी सणकन वर जायची. मौला शेजारी उभा राहून खुशीत मान डोलवत होता. आत्ती मात्र काचेवर वाकली ती वाकलेलीच.

"ही दांडकी कशापायी?"

"चांदरी खाली आली की तिला वर घालवाया."

"ती मगापास्नं घराकडं याया बघतीया, आन तू तिला हाणून परत आटपाडीला लावतोयस."

"आगं आत्ती, त्ये घर न्हवं, खड्डा हाय. घर ह्ये बघ, वर."

"घर डोंगरावर असतंय व्हय रं? सांजच्याला जनावर सोडलं की उतारानं आपसूक दाराशी येतंय." ती सरळ उभी राहिली. "आन दाराशी आल्यावर दांडकं कसं बसतंय, ते मला ठावं हाय."

लालासाहेबाला काही उमगेना. तो ब्रेकवरचा हात काढून तिच्याकडं वळला.

"मी आली तवा तुजा आज्जा दारात हुता," आत्ती म्हणाली. "दिल्या घरी ऱ्हायाचं म्हणला, आन गाडी जुपून परत घालवली. दुसऱ्या बारीला तुज्या बानं. त्याला म्या कडंवर खेळवलेला. उंबऱ्याच्या आत पाय टाकू दिला न्हाई."

"आन तिसऱ्या बारीला?"

"तवा दोघंबी रानात हुती. तुजी आई एकली घरात. तिनं दार उघडलं. सांजला ही दोघं आली, तर म्हणली, हिला काडायची तर आदी मला काडा."

"ह्ये गोष्टीत कवा सांगितलं न्हाईस ते?"

"पोराला निजवायची गोष्ट. त्यात त्याचा बा वाईट कशाला करू?" तिनं ताडपत्री उचलली आणि स्वतःच्या हातानं मशीनवर टाकली. "ह्ये जत्रंत लावणार असशील तर मी जत्रंला येत न्हाई. माजी चांदरी समद्या गावाम्होरं खड्ड्यात पडल्याली मला बघवायची न्हाई."

ती आत गेली. लालासाहेब दावणीच्या दगडावर बसला. सोप्यात बापाचा फेटेवाला फोटो होता, त्याला हा रोज हात जोडायचा. आता त्याला बापाची लाज वाटली आणि स्वतःचीही, कारण आत्तीचं दुखणं एवढी वर्षं त्यानं गोष्ट म्हणून चवीनं ऐकलं होतं. जत्रेत आत्ती नसेल तर मशीन कुणासाठी लावायचं? गाव हसलं असतं तर ते त्यानं पचवलं असतं. हे पचणारं नव्हतं.

"दांडकी काडून टाकू," मौला हळूच म्हणाला. "मंग आत्ती येतील."

 लालासाहेबानं उठून मांड्या झटकल्या.

"दांडकी काडली तर खेळ ऱ्हात न्हाई गड्या, आन गोष्टबी ऱ्हात न्हाई. दांडकी खरी हायत. खड्डा खोटा हाय."

दुसऱ्या दिवशी दोघांनी काच उतरवली. वरचं निळं घर खरवडून तिथं आटपाडीचा बाजार रंगवला. तळातल्या काळ्या भोकाभोवती दार काढलं, उंबरा काढला, आणि दारात हिरव्या लुगड्यातली एक बाई, कडी काढणारी. भोकाखाली घरच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा टांगली. शेवटी लालासाहेबानं ब्रश घेतला आणि एका दांडक्यावर पांढरा फेटा रंगवला, दुसऱ्यावर तांबडा.

"तांबडा तुज्या बाचा न्हवं?" मौला म्हणाला. "भावकी काय म्हणंल?"

"म्हणू दे. दारात उबाच हुता की."

संध्याकाळी त्यानं आत्तीला बोलावलं नाही. पडवी उघडी ठेवून तो धार काढायला बसला. आत्ती पेंड घालायला आली तशी मशीनपाशी थांबली. हिरव्या लुगड्यापाशी तिनं काचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. मग पदरानं डोळे पुसले आणि पेंड घालायला गेली.

जत्रेत पाळण्याच्या शेजारी मशीन लागलं आणि ही झुंबड उडाली. पारावर हसलेले सगळ्यात पुढं. "फेटेवाले कोन?" कुणीतरी विचारलं.

"माजा आज्जा आन माजा बा," लालासाहेब ठणकावून म्हणाला. म्हाताऱ्या माणसांनी माना खाली घातल्या.

आत्ती आली तशी गर्दीनं वाट दिली. तिनं दांडी ओढून सोडली. चांदरी आटपाडीच्या बाजारातनं सुटली, बाभळीत अडखळली, येरळेत घरंगळली, फडात दिवा लावून खाली यायला लागली.

"आत्ती, ब्रेक दाबा, ब्रेक," चारी बाजूंनी गलका झाला.

आत्तीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. फेटे जागच्या जागी राहिले. गोळी दोघांच्या मधनं सरळ उंबऱ्यावर आली आणि आत गेली. खाली घंटा वाजली.

"गेली," गर्दी हळहळली.

"एकदा तरी दाबायचं हुतंस की आत्ती," लालासाहेब म्हणाला. "लय लवकर डाव संपला."

"जिला आत यायचं हाय, ती दांडकं कशाला दाबंल रं?" आत्ती म्हणाली. मग गर्दीकडं वळून तिनं सांगितलं, "गेली न्हाई. आली."

आणि तिनं पुन्हा दांडी ओढली.