एकशे चव्वेचाळिसावं घर

मी एक फ्लॉपी बोलतेय. हसू नका. हल्लीची पोरं मला उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "हे काय असतं?" एकाने तर मला चहाच्या कपाखाली ठेवलं होतं, त्याचा गोल डाग अजून माझ्या अंगावर आहे. पण एके काळी माझ्या पोटात वसईकडच्या नंदाखाल गावची एक आख्खी आळी राहत होती. माझी वाट बघत एक म्हातारा माणूस दर रविवारी वसई स्टेशनपर्यंत यायचा. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म कुठल्या परदेशी कारखान्यात झाला, ते मला माहीत नाही. आठवतं ते स्टेशनसमोरचं दुकान. दहा बहिणी एका खोक्यात दाटीवाटीने बसलो होतो. १९९८ च्या पावसाळ्यात कौस्तुभ रेडीजने आम्हाला विकत घेतलं.

कौस्तुभ मूळचा रत्नागिरीकडचा. वसईत फ्लॅट घेऊन त्याला तीन वर्षं झाली होती. स्टेशनजवळ, एका दुकानाच्या वरच्या माळ्यावर तो कम्प्युटर क्लास चालवायचा. हुशार, कष्टाळू, गोड बोलणारा माणूस. दोष म्हणाल तर एकच. काम अर्ध्यावर आलं की हा म्हणायचा, "झालंच." माझ्या आयुष्यात मी जेवढे शब्द ऐकले, त्यात सगळ्यात जास्त वेळा हाच ऐकला.

एके दिवशी त्याची जुनी विद्यार्थिनी विनी लोपीस क्लासवर आली. चोवीस वर्षांची, नंदाखालची. कुवेतला असलेल्या भावाने तिला घरी कम्प्युटर घेऊन दिला होता.

"सर, एक प्रोग्राम करून द्याल? माझ्या डॅडींसाठी पाहिजे," ती म्हणाली.

तिचे वडील पास्कल लोपीस, वय बहात्तर. त्यांच्या आळीत लग्नाचं आवतण तोंडी द्यायची रीत होती. पत्रिका नंतर, आधी दारात जाऊन सांगायचं. क्रुसाजवळच्या घरापासून सुरुवात करायची, उजव्या हाताने जायचं, डाव्या हाताने परत यायचं. एकशे त्रेचाळीस घरं, एकही सुटता कामा नये. आळीत कुणाचंही लग्न असो, 'पास्कलला बरोबर घ्या, घर चुकणार नाही,' असं लोक म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी ही यादी डोक्यात बाळगली होती.

आणि गेल्या मे महिन्यात एक घर चुकलं. आग्नेलचं. आग्नेल म्हणजे पास्कलकाकांचा शाळेपासूनचा सोबती, आळीच्या पार टोकाला राहणारा. तो लग्नाला आला नाही आणि तेव्हापासून बोलतही नव्हता. सुटलं कसं, ते काकांनाही कळेना. मग घरच्यांच्या हळूहळू लक्षात आलं, काका बरंच काही विसरायला लागले होते.

"जानेवारीत माझं लग्न आहे," विनी म्हणाली. "डॅडी म्हणतात, स्वतःच्या पोरीचं आवतण मीच देणार. पण रात्ररात्र घरं मोजत बसतात. कम्प्युटरमध्ये यादी असली ना सर, तर त्यांना धीर येईल."

"नाताळच्या आधी देतो. झालंच म्हण," कौस्तुभ म्हणाला. त्याने मला खोक्यातून उचललं आणि माझ्या पट्टीवर पेन्सिलने लिहिलं: 'आवतण – चाचणी'. पेन्सिलने का? तर पुढे खोडता यावं म्हणून. स्वतःचा स्वभाव त्याला ठाऊक होता म्हणायचा!

विनीने नावं आणून दिली आणि तीन आठवड्यांत माझ्या पोटात पहिली यादी आली. ती घेऊन कौस्तुभ नंदाखालला गेला. विनीच्या आईने, मटिल्डाकाकूंनी चहा ठेवला. पास्कलकाका चर्चमध्ये मिस्साला घालायचा पांढरा शर्ट घालून कम्प्युटरसमोर बसले होते.

पडद्यावर पहिलं नाव उमटलं: आग्नेल लोपीस.

काकांचा चेहरा पडला. "मुद्दाम टाकलंस का रे हे वर?"

कौस्तुभ गोंधळला. त्याने आपलं सगळ्या नावांना बाराखडीप्रमाणे उभं केलं होतं. आळीत निम्म्याच्या वर लोपीसच, म्हणून पहिल्या नावावरून लावलेलं. आग्नेलनंतर आंतोन, मग इनास. काका एकेक घर बघत होते आणि मान हलवत होते.

"आग्नेल टोकाला, आंतोन क्रुसाजवळ. घरं अशी उठून कुठेही जातात का रे बाबा? मी जाऊ कसा?"

इतका शिकलेला माणूस, पण चालणाऱ्याला यादी चालण्याच्या वाटेने लागते, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मला तर हसूच आलं. कौस्तुभ मात्र खजील झाला. म्हणाला, "काका, मला आळी दाखवाल? आत्ताच्या आत्ता?"

दोघं निघाले. मी कौस्तुभच्या खिशात होते. क्रूस, विहीर, केळीची वाडी, पुन्हा घर. काका प्रत्येक दारात थांबून सांगायचे. इथे दोन भाऊ, दोघांना वेगळं सांगायचं, एकत्र सांगितलं तर थोरल्याला राग येतो. इथल्या म्हातारीला ऐकू येत नाही, आत जाऊन सांगायचं. कौस्तुभ वहीत भराभर उतरवून घेत होता. कुणी भेटलं की काका त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे आणि वळून कौस्तुभशी आपल्या मराठीत.

एका घरापुढे काका उभे राहिले आणि बोलेचनात. ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. त्यांचे कान लाल झाले.

"थांबा हं काका, माझं पेन अडलंय," कौस्तुभ म्हणाला आणि चांगलं चालणारं पेन उगाच झटकत बसला. तोवर काकांना नाव आठवलं. त्या एका गोष्टीसाठी कौस्तुभचे शंभर 'झालंच' मी मनातल्या मनात माफ करून टाकले.

परतताना त्याने विचारलं, "काका, नवीन माणसाचं घर या यादीत कसं येतं?"

"आपल्या दारात चार वेळा आला, आपल्यासाठी राबला, की येतंच. त्याला काय अर्ज करायचा असतो?" काका म्हणाले.

हे त्याने का विचारलं, ते मला माहीत होतं. त्याच्या घरी कम्प्युटरच्या टेबलावर पडून मी त्याच्या बायकोचं, नेत्राचं बोलणं ऐकायचे. ती म्हणायची, "तीन वर्षं झाली. इथे कुणाच्या लग्नाकार्यात आपल्याला साधं बोलावणं आलंय का? गाडीतून उतरायचं, दार लावायचं, की संपलं."

नवी यादी दिवाळीच्या आधी तयार झाली. क्रुसापासून क्रुसापर्यंत, अगदी पावलांप्रमाणे. एंटर दाबलं की पुढचं घर. तेव्हाच ती देऊन टाकायला हवी होती. पण नाही! कौस्तुभने ठरवलं, यादी मराठीत सुंदर छापूनही मिळाली पाहिजे. काकांच्या हातात कागद पाहिजे. आणि तिथेच घोडं अडलं. पडद्यावर नीट दिसणारी अक्षरं प्रिंटरमधून यायची ती वेलांट्या हरवून, काने मोडून. तो रोज नवी युक्ती करायचा, मला रोज पुसायचा, रोज भरायचा. माझं अंग दुखायला लागलं होतं.

दर रविवारी मिस्सा आटोपून काका एसटीने क्लासवर यायचे. पिशवीत केळीच्या सोपटात बांधलेली, उन्हात वाळवलेली सुकेळी असायची.

"झाली का रे?"

"झालंच काका, पुढच्या रविवारी."

काका मान डोलवायचे. रागवायचे नाहीत, मला हातात घेऊन बघायचे आणि परत ठेवायचे. रागवले असते तर बरं झालं असतं. नाताळ आला आणि गेला. सुकेळी खाल्ली की कौस्तुभला लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो छपाई आणखी सुंदर करायच्या मागे लागायचा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काकांऐवजी विनी आली. बसलीसुद्धा नाही.

"सर, लग्न एकतीस तारखेला. पुढे ढकलायचं म्हटलं तर राखेचा बुधवार येतो, मग ईस्टरपर्यंत लग्नं नाहीत. परवापासून आवतण सुरू झालं पाहिजे."

"फक्त छपाई राहिलीय गं. अर्धवट कशी देऊ?"

"काल डॅडी आग्नेलकाकांच्या दारापर्यंत गेले होते. माफी मागायला." तिचा आवाज बारीक झाला. "तिथून तसेच परत आले. कशाला गेलो होतो, तेच आठवेना. घरी येऊन रडले सर. तुमचा प्रोग्राम पूर्ण होईपर्यंत डॅडी थांबतील, पण त्यांची आठवण थांबणार नाही. जसा आहे तसा द्या."

कौस्तुभ उठला. त्याने मला मशीनमधून काढलं आणि तिच्याबरोबर नंदाखालला आला.

प्रोग्राम कम्प्युटरवर चढवला, घरांची यादी माझ्यातच ठेवली. मग मान खाली घालून म्हणाला, "काका, उशीर झाला. आणि छापून मिळणार नाही. तेवढं जमलं नाही."

"छापून काय करायचं?" काकांनी विचारलं.

"हातात कागद नको? दारात गेल्यावर बघायला?"

काका हसायलाच लागले. "कागद घेऊन दारात येतो तो लाइटबिलवाला! आवतण का कुणी वाचून देतो? तोंडाने द्यायचं, माणसाकडे बघून."

कौस्तुभ खुर्चीत बसला तो बसलाच. ज्या कागदापायी त्याने अडीच महिने घालवले, तो कुणी मागितलाच नव्हता. त्याने विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी आपली पद्धत बसवली. सकाळी पडद्यासमोर बसायचं, एंटर दाबत दहा घरं बघायची, डोळे मिटून दोनदा म्हणायची आणि निघायचं. दहा घरं करून आले की पुढची दहा. आणि निघताना मला मशीनमधून काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे.

"डॅडी, खिशात ठेवून ती काही सांगणार आहे का तुम्हाला?" विनी म्हणाली.

"यादी जवळ असली म्हणजे चुकत नाही," काका म्हणाले.

खरं सांगते, खिशात मी निव्वळ प्लास्टिकचा तुकडा. पण प्रत्येक दारात त्यांचा हात छातीशी यायचा, मला चाचपायचा, आणि नाव आठवायचं. त्या दिवसांत मला देवघरात बसल्यासारखं वाटायचं.

आग्नेलच्या दारात त्यांनी मला सगळ्यात जास्त वेळ चाचपलं. आग्नेल दारात उभा, हाताची घडी घालून.

"मागच्या वेळी तुझं घर सुटलं," काका म्हणाले. "मी विसरलो रे आग्नेल. आता बरंच विसरतो. पोरीचं लग्न आहे. तू ये."

आग्नेलने हाताची घडी सोडली. मग चपला पायात सरकवत म्हणाला, "चल. पुढची घरं मी येतो बरोबर." आणि खरंच आला.

एकशे त्रेचाळीस घरं झाली. एकही चुकलं नाही. पण त्याच्या आदल्या रात्री काकांनी विनीला माझ्यात आणखी एक घर घालायला लावलं होतं. त्या दिवशी सकाळी त्यांनी ते पाच वेळा म्हटलं, आणि दुपारी विनीला घेऊन एसटीत बसले.

तिसरा माळा चढून त्यांनी बेल वाजवली. दार कौस्तुभनेच उघडलं. काका धापा टाकत होते. त्यांनी कौस्तुभकडे बघितलं, बघतच राहिले. मला कळलं, त्यांना चेहरा ओळखू येत नव्हता. विनी काही सांगणार, तेवढ्यात त्यांचा हात छातीशी आला आणि त्यांनी मला चाचपलं.

"कौस्तुभ रेडीज मास्तर म्हणून राहतात, ते घर हेच ना?"

कौस्तुभच्या मागे नेत्रा येऊन उभी राहिली होती. "हो काका," कौस्तुभ म्हणाला. "हेच घर."

"एकतीस तारखेला, रविवारी, माझ्या विनीचं लग्न आहे. सगळ्यांनी यायचं. चूल पेटवायची नाही." काकांनी एक शब्द चुकवला नाही. मग त्यांनी मला खिशातून काढून कौस्तुभच्या हातात ठेवलं. "हे शेवटचं. संपली घरं."

ते खाली उतरल्यावर कौस्तुभ दाराला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. लग्नाला नेत्रा ठेवणीतली पैठणी नेसून गेली.

सुधारलेली दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही. पुढे सीडी आल्या, पेनड्राइव्ह आले. माझ्या बहिणी बुरशी लागून गेल्या. मला बसवायला आता घरात मशीनच नाही. कौस्तुभच्या टेबलाच्या खणात असते, कधीमधी कुणाच्या तरी चहाखाली.

२००३ च्या एका संध्याकाळी मात्र बेल वाजली होती. दारात आग्नेल उभा होता, घामाघूम.

"पास्कल गेला, मास्तर. सकाळी. उद्या दहाला मिस्सा आहे." त्याने कपाळ पुसलं. "आळीत सांगत सांगत आलो. तुमचं घर यादीत शेवटचं, म्हणून उशीर झाला. माफ करा."

उशीर झाला म्हणून! आणि माफी कौस्तुभची! कौस्तुभने नुसते त्याचे हात धरले. मग आत येऊन खण उघडला आणि मला शर्टाच्या खिशात ठेवून तो नंदाखालला निघाला.

माझ्या पट्टीवरची पेन्सिल आता पुसट झालीय, तरी 'चाचणी' वाचता येतं. कौस्तुभने ते कधी खोडलं नाही. तुम्ही कुणासाठी काही करत असाल आणि ते अजून पुरं झालं नसेल, तर एकदा त्यांच्या दारात जाऊन विचारा, नेमकं काय हवंय. आणि जेवढं झालंय तेवढं देऊन टाका. बाकी मला काही नको. फक्त तो चहाचा कप जरा बाजूला ठेवाल का?