उतरलेली बेटकुळी

शोशम्माचा उजवा दंड मणिमला नदीच्या दोन्ही काठांवर ठाऊक होता. पहाटे रबराच्या झाडांना काप द्यायचे, दुपारी डोंगरउतारावरचे टॅपिओकाचे कंद उपटायचे आणि ओणमच्या सणात गावच्या क्लबाच्या मांडवात पंजा लढवून समोरच्या बाईचा हात टेबलाला टेकवायचा, हा तिचा कैक वर्षांचा नेम. कोपर वाकवलं की अशी बेटकुळी उठायची की तिचा नवरा कुर्याको म्हणायचा, "हिच्याशी भांडायचं तर आधी वकील गाठा."

ती बेटकुळी ऐन उन्हाळ्यात दगा देऊन गेली. टॅपिओकाचं पोतं जीपच्या टपावर चढवताना खांद्यात ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. कळ तर आलीच, पण शोशम्मा घाबरली ती दंडाकडे बघून. मांसाचा गोळा घसरून पार कोपराजवळ येऊन बसला होता आणि वर, जिथं तो असायचा, तिथं खळगा.

तालुक्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी दंड चाचपून पाहिला. "स्नायूला हाडाशी बांधणारी वरची कंडरा तुटली. ऑपरेशनची गरज नाही. दुखणं जाईल, गोळा मात्र असाच राहील. आणि ते पंजाबिंजा आता विसरा."

"या हातानं घास तोंडात जाईल ना?"

"जाईल की."

"मग पंज्यानंच काय घोडं मारलंय?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

गावात मग त्या गोळ्याचीच चर्चा. पुतणीच्या लग्नाआधी नणंद एलियाम्मा मुद्दाम घरी आली. "वहिनी, यंदा लांब बाह्यांचा ब्लाउज शिव बाई. चारचौघांत बरं दिसत नाही."

शोशम्मा शिंप्याकडे गेली आणि बाह्या नेहमीपेक्षा चार बोटं आखूड करून घेतल्या. लग्नात बायका टक लावून बघायला लागल्या तशी म्हणाली, "नीट बघा. चोरून नाही आणलेला, माझाच आहे."

ही सगळी ऐट बाहेर. घरात मात्र बरणीचं झाकण फिरेना की ती बरणीच आदळायची. रागारागातच ती इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या सुहराकडे जाऊन बसली. "दंडात आता उरलंय काय, ते तरी सांग."

सुहरा वयानं लहान, शोशम्माला चेच्ची म्हणजे ताई म्हणायची, पण बोलणं रोखठोक. तिनं शोशम्माच्या दंडावर बोट ठेवलं. "चेच्ची, बेटकुळीला वर दोन शेंडे असतात. लांब शेंडा खांद्याच्या सांध्यावरून जातो, तो तुटला. आखूड शेंडा आतल्या बाजूला, तो शाबूत आहे. बेटकुळी हात वाकवते, पण तिची खरी मिजास तळवा वर वळवण्यात. म्हणून तुझं झाकण फिरत नाही."

"आणि हात वाकतोय तो कुणाच्या जिवावर?"

सुहराची बोटं गोळ्याच्या कडेनं आत रुतली. "तिच्याखाली दुसरा एक स्नायू असतो. ब्रेकियालिस. वरून दिसत नाही, म्हणून त्याचं कौतुकही नाही. कोपर वाकवायचं मोठं ओझं तोच उचलतो. कोपराखाली करंगळीच्या बाजूच्या हाडाला धरलेला असतो आणि ते हाड जागचं फिरत नाही. तळवा वर असो की खाली, त्याला सोयरसुतक नाही."

"म्हणजे तळवा खाली ठेवून जोर लावला तर?"

"तर बेटकुळी मागं पडते आणि भार याच्यावर येतो." सुहराला संशय आला. "चेच्ची, तुझ्या मनात काय शिजतंय?"

शिजत होतं ते साधंच होतं. आजवर शोशम्मा तळवा स्वतःकडे वळवून समोरचीला आत ओढायची. तो सगळा खेळ बेटकुळीचा. आता हात वरून उलटवायचा, समोरचीच्या बोटांवर चढायचं आणि तिचं मनगट उघडं पाडायचं.

सुहरानं आधी नुसता हलका व्यायाम करायला लावला. "घाई केलीस तर मीच क्लबात जाऊन तुझं नाव कापीन," असा दमही भरला. दुखणं पुरतं गेल्यावरच तळवा खाली धरून पाण्याची बादली उचलायला परवानगी मिळाली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कुर्याकोचा हात सरावाला. तो मनगट चोळत म्हणायचा, "तुझ्या त्या ब्रेकियालिसला सांग, मी नवरा आहे, वैरी नव्हे."

ओणमला नाव द्यायला गेली तर क्लबाचे सेक्रेटरी वर्की सार आडवे आले. निवृत्त शिक्षक, म्हणून गावाचे 'सार' म्हणजे सर, आवाज अजून वर्गातला. "शोशम्मा, यंदा तू व्यासपीठावर बस. आम्ही सत्कार करतो. मोडक्या हाताला काही झालं तर क्लबाच्या गळ्यात यायचं."

"हात माझा आहे, सार. मोडला तरी माझ्याच घरी येईल."

"अगं, वयाचा तरी विचार कर!"

"तुम्ही कुठं केलात? अजून खुर्ची धरून आहातच ना?"

मांडवात हशा पिकला. सारांनी तोंड वाकडं करून नाव लिहून घेतलं.

पहिल्या फेऱ्या तिनं जिंकल्या. अंतिम फेरीत समोर आली प्रसीदा, पोलिसातली तरणीबांड शिपाई. गोळ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "चेच्ची, दुखलं तर सांगा हं."

"तू लवकर हर, म्हणजे दुखायचं नाही."

पहिला डाव शोशम्माचा. शिट्टी होताच तिनं हात उलटवला आणि प्रसीदाला कळायच्या आत तिची बोटं उघडली. पण पोरगी हुशार. दुसऱ्या डावात तिनं शोशम्माला आत ओढून तळवा वर पिळला. तुटलेल्या दंडाला ते पेललं नाही आणि डाव प्रसीदाचा झाला. तिसऱ्या डावात दोन्ही हात मधोमध अडकले. शोशम्माच्या कोपराची घडी सुटत नव्हती. प्रसीदाच्या कपाळावरून घाम टेबलावर पडत होता. मग बोटभर, आणखी बोटभर करत शोशम्माचा हात खाली गेला आणि टेकला.

वर्की सार शाल घेऊन लगबगीनं आले. माइकवर म्हणाले, "आता आपण या मोडलेल्या हाताच्या जिद्दीचा..."

"शाल ठेवा ती," शोशम्मा म्हणाली. "मी हरलेय. हरलेल्या माणसाचा सत्कार कसला? दुसरी आलेय, दुसरीचं काय असेल ते द्या."

दुसरीला नेंद्र जातीच्या केळ्यांचा घड होता, मणभर वजनाचा. दोन कार्यकर्ते उचलायला धावले. तिनं त्यांना बाजूला सारलं, तळवा खाली करून दांडा धरला, आधी मांडीवर आणि मग खांद्यावर घड चढवला. आखूड बाहीखाली तो गोळा कोपराशी टरारून उठला. पहिल्या रांगेतल्या एलियाम्मानं मान फिरवली नाही. फिरवून चाललंच नसतं, सगळा मांडव तिकडंच बघत होता.

प्रसीदा मनगट चोळत मागोमाग आली. "चेच्ची, ती हात उलटवायची युक्ती मला शिकवाल?"

"शिकवीन की," शोशम्मा चालता चालता म्हणाली. "पुढच्या ओणमला तुला पाडलं की दुसऱ्या दिवशी घरी ये."